सगळं आधीसारखं

४ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार, आणि त्याच्याही आधी कान पकडून माफी. तुझी दोन पत्रं उत्तराविना पडून आहेत हे मला ठाऊक आहे. तिसऱ्यात तू माझी कशी हजेरी घेशील तेही ठाऊक आहे, म्हणून ते यायच्या आतच लिहायला बसले. भावोजींचा खोकला कसा आहे? पिल्लांना माझे पापे दे. मोठ्याला आता पापे चालत नसतील तर नुसता डोक्यावरून हात फिरव.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो, पण हातमागावर बसल्या की त्यांना गुडघाही आठवत नाही आणि जेवणही.

आता मुख्य गोष्ट. शाळेच्या ऑफिसातली जागा तू माझ्यासाठी धरून ठेवली आहेस, त्यासाठी मुख्याध्यापकांची किती मनधरणी केलीस ते भावोजींनी कळवलं. मी येणार आहे, ताई. खरंच येणार आहे. फक्त एवढं शूटिंग संपू दे.

कसलं शूटिंग म्हणशील. शहरात लोकजीवनाचं नवं प्रदर्शन उभं राहतंय, मोठ्या संग्रहालयात. त्यात विणकरांचं एक दालन आहे. तिथे भिंतभर पडदा लागणार आणि त्यावर आमच्या सासूबाई चादर विणताना दिसणार. शेजारी कानाला लावायचे हेडफोन, त्यात त्या विणताना जे काही गुणगुणतात ते ऐकू येणार. गल्लीत चालता माग आता आमचाच उरलाय, म्हणून हा मान. सासूबाई म्हणाल्या, "मला बघायला माणसं तिकीट काढणार? मग नीट वेणी तरी घाल माझी."

दिग्दर्शक एक बाई आहेत. त्या सगळ्यालाच ओके म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना ओकेबाई म्हणतो. आवाज टिपणाऱ्याचं नाव सासूबाईंनी कानसेन ठेवलंय. फ्रीज घरघरतो म्हणून तो आधी फ्रीज बंद करतो आणि जाताना तो चालू करायचा राहू नये म्हणून स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतो. परवा ती दुधाच्या भांड्यामागे गेली आणि सगळी मंडळी तासभर अंगणात उभी.

हे लोक सलग येत नाहीत. थोडं काम करतात, दुसऱ्या दालनाच्या शूटिंगला जातात, मग परत येतात. पण पडद्यावर सगळं एकाच दुपारी घडलंय असं दिसायला हवं. म्हणून घरातली एकही वस्तू हलता कामा नये. याला ते कंटिन्युइटी म्हणतात, आणि ते काम ओकेबाईंनी माझ्याकडे दिलंय. कपाटाच्या दाराला आतून फोटो चिकटवलेत, ते बघून मी सगळं जागच्या जागी लावते. पाण्याचा जग, कात्री, सासूबाईंचा निळा स्वेटर, त्याचं वरचं बटण उघडं. कॅलेंडरचं पान उलटायचं नाही, त्यामुळे आमच्याकडे अजून नोव्हेंबर चालू आहे. नळ गळून भिंतीवर ओल आली आहे, ती फोटोत दिसते, म्हणून नळही दुरुस्त करायचा नाही.

आणि मीसुद्धा हलायचं नाही. सासूबाईंच्या मागे, खिडकीशी, तपकिरी शाल पांघरून कांड्या भरत बसलेली सून म्हणजे मी. कांडी म्हणजे धोट्यात, त्या इकडून तिकडे फेकायच्या लाकडी नावेत, घालायची सुताची गुंडाळी, तुला आठवत नसेल म्हणून सांगते. मी नसले तर चित्र जुळणार नाही. बघ, एवढी महत्त्वाची झालेय तुझी बहीण.

ओकेबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला हे काम शिकवावंच लागलं नाही." मी हसले.

तू दुसऱ्या पानावर ह्यांच्याबद्दल जे लिहिलं आहेस, ह्यांना जाऊन इतका काळ लोटला वगैरे, त्यावर पुढच्या पत्रात लिहीन. आता पाणी येईल.

तुझी,
धाकटी

२१ मार्च

ताई,

नमस्कार. रागावून एकाच ओळीचं पत्र पाठवलंस ते मिळालं. "कधी येतेस?" एवढंच. मी ते घडी घालून ठेवलंय.

शूटिंग संपलेलं नाही. संपायलाच आलं होतं, पण परत करावं लागलं. ओकेबाईंना शेवट आणि सुरुवात एकमेकांना जोडायची आहे. लोक दालनात कधीही शिरणार, त्यामुळे सिनेमा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कळायला नको. सासूबाई धोटा फेकत राहणार, चादर कधी पुरी होणार नाही, आणि मी मागे कांड्या भरतच राहणार. याला लूप म्हणतात. त्यासाठी पहिलं आणि शेवटचं चित्र तंतोतंत सारखं हवं. आणि ते होत नाहीये. दर खेपेला मागच्या खुंटीवरची एक वस्तू जागेवर नसते. कॉम्प्युटरवर बघताना ते लक्षात येतं, आणि मग सगळे पुन्हा येतात. काय वस्तू ते विचारू नकोस, किरकोळ आहे.

ओकेबाई मला सगळ्यांसमोर बोलल्या. "वहिनी, हे तुमचं काम होतं." त्यांचंही बरोबर आहे. पण ताई, मी फोटो बघून स्वतःच्या हातांनी लावलं होतं! दर वेळी लावते. चहाला उठून परत येईपर्यंत कोणीतरी ते हलवतं.

कोणीतरी कशाला, घरात आहे कोण? मी सासूबाईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "मी कशाला हलवू? माझे हात धोट्यावर, पाय खाली पट्ट्यांवर. तिसरा हात असता तर तुझ्याकडून कांड्या भरून घेतल्या असत्या का?"

त्यांना हे संपायला नको आहे, एवढं मला समजतं. शूटिंग संपलं की मी तुझ्याकडे येणार. मी निघाले की धाकटे भाऊजी, म्हणजे माझे दीर, त्यांना स्वतःच्या फ्लॅटवर नेणार, आणि तिथे माग मावणार नाही, मुळात जिन्यातूनच चढणार नाही. म्हणजे मला धरून ठेवलं की माग राहिला. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं कदाचित. पण म्हणून मला राग येत नाही असं नाही. फार येतो. जेवताना मी त्यांच्याशी बोलत नाही, आणि त्याही मुद्दाम चवीने जेवतात.

उन्हाचा भरवसा नसतो, म्हणून एका खिडकीला बाहेरून काळं कापड लावलंय. भर दुपारी दिवे लावून बसावं लागतं. दिव्यांच्या उजेडात, मार्चमध्ये, नोव्हेंबरची शाल पांघरून. घामाने पाठ चिकटते आणि खाजवायची सोय नाही. परवा मला वाटलं, आता उठून किंचाळावं. पण कानसेनने हात वर केला होता, म्हणजे आवाज चालू होता. मी कांडी भरत राहिले.

मुख्याध्यापकांना सांग, थोडं थांबा. मी हात जोडते.

धाकटी

१७ मे

प्रिय ताईस,

नमस्कार. पत्र नीट बसून वाच, मोठं आहे.

शाळेतली जागा भरली हे तुझं पत्र मिळालं. तू चिडलीस, आणि चिडून झाल्यावर रडलीस, तेही कळलं, शाई फुटलीय तिथे. तुझं काही चुकलं नाही. आता मी तुला त्या खुंटीवरच्या वस्तूबद्दल सांगते.

ती म्हणजे ह्यांचा शर्ट. पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघा. ह्यांनी तो त्या सकाळी काढून अडकवला आणि दुसरा घालून गेले, परत आलेच नाहीत. तो मी कधी उतरवला नाही. झाडताना उचलते, भिंत पुसते आणि परत तसाच लावते, डावी बाही पुढे. इतके दिवस अडकवलेला म्हणून कॉलरमागे खुंटीचं टोक उठून दिसतं. ओकेबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "हा असाच राहू दे हं, घरात पुरुषमाणूस आहे असं वाटतं." म्हणून तो चित्रात आला. त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. उलट मला बरं वाटलं, ताई. कोणीतरी फोटो काढून, चिकटवून, हुकूम सोडला होता की हा हलता कामा नये.

एप्रिलच्या शूटिंगला मी चहा अर्धा टाकून आत आले. सासूबाई स्टुलावर चढल्या होत्या, त्या गुडघ्यासकट, आणि हातात शर्ट.

"आई!"

"ओरडू नकोस, पडेन मी."

मी त्यांना धरून खाली उतरवलं आणि मग सगळं बोलून घेतलं. मला इथे अडकवून ठेवायला तुम्ही हे करता, माझी नोकरी गेली तरी तुम्हाला चालेल, तुम्हाला फक्त तुमचा माग हवा. बोलायला नको तेही बोलले.

त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मी तुला अडकवते? अगं, मी काढते आणि तू परत लावतेस. कोण कोणाला अडकवतंय?"

त्यांनी हातातला शर्ट माझ्यापुढे धरला.

"माझा मुलगा होता तो. मला तो संग्रहालयात टांगलेला नको आहे. आणि त्याच्या खाली तू शाल पांघरून बसलेली तर त्याहून नको. मी मेल्यावर लोक येऊन बघतील, म्हणतील ही बघा परंपरा. कसली परंपरा? हात भरून आलेत पोरीचे कांड्या भरून भरून."

"मग तोंडाने सांगायचं होतं."

"तुला? गेल्या दिवाळीत पलंगाची जागा बदलायची म्हटलं तर दोन दिवस जेवली नव्हतीस."

हे खरं आहे. ते ह्यांच्या झोपायच्या बाजूमुळे होतं. तुला मी कळवलं नव्हतं.

आणि एवढं होऊनही मी काय केलं ठाऊक आहे? डोळे पुसले, कपाट उघडलं, फोटो बघितला आणि शर्ट परत लावला. डावी बाही पुढे. सासूबाई बघत होत्या. मागावर जाऊन बसल्या.

माझे रडून सुजलेले डोळे पडद्यावर जुळेनात, म्हणून या महिन्यात आणखी एक, शेवटची खेप होती. संग्रहालयाचे साहेबही आले होते, कारण उद्घाटन तोंडावर आलं होतं. मी दिवसभर खुंटीवर नजर ठेवून होते, चहालाही उठले नाही. ओकेबाईंनी हात केला, कानसेनने हात वर केला, सासूबाई विणू लागल्या, गुणगुणू लागल्या. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि कॅमेरा चालू असतानाच त्यांनी धोटा बाजूला ठेवला आणि उठल्या. सावकाश, मागाला धरून. स्टूल नव्हतं, म्हणून टाचा उंचावून त्यांनी बाहीला धरून शर्ट खाली ओढला. झटकला. बटणं लावली, सगळी, वरपासून खालपर्यंत. बाह्या मागे घेऊन घडी घातली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. मग परत जाऊन विणायला बसल्या. गाणं मात्र पुढे म्हटलं नाही.

कोणी कट म्हणालं नाही. हलायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की मी तशीच बसले, मांडीवर शर्ट, हातात कांडी. सूत संपलं तरी हात फिरत होता.

मग मी उठले. ताई, मला ते ठरवून जमलं नसतं. पाय आपणहून उठले आणि मी त्या पायांमागून निघाले. शर्ट छातीशी धरून कॅमेऱ्यासमोरून दाराबाहेर आले आणि अंगणातल्या उन्हात बसून हंबरडा फोडला. तो आवाजही आलाय म्हणे टेपवर. कानसेन स्वतः येऊन सांगून गेला, मान खाली घालून. मी म्हटलं, तेवढा काढून टाका. तो म्हणाला, काढतो.

साहेब वैतागले. सुरुवातीला शर्ट आणि सून, शेवटी दोन्ही नाही, आता लूप जुळणार कसा? पुन्हा करा म्हणाले. ओकेबाईंनी बराच वेळ भिंतीकडे बघितलं. खुंटीखाली शर्टाच्या आकाराचा रंग राहिलाय, बाकी भिंतीपेक्षा उजळ. मग त्या ओके म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही जुळला तर नाही. संपू दे तो, आणि परत पहिल्यापासून लागू दे."

सासूबाईंनी भाऊजींना कळवून टाकलंय की माग असेल तिथेच त्या राहणार, कांड्या शेजारीण भरून देईल. भाऊजी तणतणतायत. मला काळजी वाटते, गुडघ्याची सगळ्यात जास्त. त्या म्हणतात, काळजी तिकडून कर.

काल आम्ही दोघी प्रदर्शन बघून आलो. ते दालन अंधारं आहे, बसायला एकच बाक. सासूबाईंना स्वतःचा आवाज आवडला नाही. मी फक्त मागच्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथे मी होते, शालीत, आणि वर शर्ट. इतका मोठा, भिंतीएवढा. वाटलं बाहेर पळावं. मग पडद्यावरच्या सासूबाई उठल्या, आणि थोड्या वेळाने पडद्यावरची मी उठून गेले. काळोख झाला. आणि ते पुन्हा पहिल्यापासून लागलं. शर्ट परत खुंटीवर, मी परत खिडकीशी.

मी तीन-चारदा बघितलं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, या खेपेला ही उठणार नाही. प्रत्येक वेळी ती उठते, ताई.

सोमवारच्या गाडीने येते. नोकरी नाही, तरी येते. भीती वाटते आहे, ती घेऊनच येते. दारात मला बघून किती वाळलीस म्हणू नकोस, काही विचारूही नकोस. आधी आत घे.

निघालेली,
धाकटी