थेटरखालचे रांजण

पूर्णा,
१८ एप्रिल १९८३

चि. सौ. सुनेत्रास, मार्तंडदादाचे अनेक आशीर्वाद.

तार मिळालीच असेल. आपलं नृसिंह थेटर गेलं. मागच्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतला आणि वाऱ्यानं आग छपरावर आणली. माणूस कुणी दगावलं नाही, पण अण्णांची वाचा बसली. डॉक्टर म्हणतात, घशात दोष नाही, मनानं घेतलंय. दिवसभर ओट्यावर थेटराकडे तोंड करून बसतात. विमलनं परवा चिडवलं, की आता नृसिंहाला सुनेनंच खांबातून ओढून काढायचं का. एरवी तिला चार शब्द ऐकवले असते. आता मानही वळवली नाही.

राखेतून धड निघाले ते रंगमंचाखालचे रांजण. आवाज घुमावा म्हणून आजोबांनी पुरलेले, तुला माहीतच आहे. पाण्याचे लय हाल चाललेत, म्हणून थेटर कमिटीनं ते गल्लोगल्ली वाटून टाकले. एक आपल्याकडे आलाय. पाणी गार राहतं.

मुलांना पापा. पत्र टाकत जा, तेवढाच आधार वाटतो.

तुझा दादा

लातूर,
२ मे १९८३

ती. दादास, सुनेत्राचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अण्णांना इकडे पाठव म्हणणार होते, पण ते थेटर सोडून कुठं येतात?

लहानपणी नृसिंहाच्या सोंगात खांब फोडून अण्णा बाहेर आले, की मी वहिनीच्या पदरात शिरून कान झाकायची. ती डरकाळी पायाखालून यायची. झरीच्या जत्रेत उघड्यावर तीच डरकाळी फोडली, तर कुणी वळूनही पाहिलं नाही. तेव्हा हसत म्हणाले होते, की अर्धा नृसिंह पूर्णेत पुरून आलोय.

थेटर पुन्हा बांधाल तेव्हा रांजण आठवणीनं पुरा. वहिनीला म्हणावं, तोवर पी गार पाणी.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.

सुनेत्रा

पूर्णा,
११ डिसेंबर १९८३

चि. सौ. सुनेत्रास आशीर्वाद.

थेटर उभं राहिलं. भिंती वर आल्या तसे अण्णा जेवू लागले. काल ट्रंकेतली आयाळ काढून उन्हात घातली. उद्घाटनाला नृसिंह कराल का, असं कमिटीच्या किशनरावांनी विचारलं, तर मान डोलावली. अजून बोलत नाहीत, पण त्या दिवशी आवाज फुटेल अशी आशा आहे. तिच्यावरच घर चाललंय.

रांजणांचं म्हणशील, तर लोकांच्या घरातले भरले रांजण मागायचे कुणी? किशनराव म्हणाले, की आता लाऊडस्पीकर असतात, रांजण कोण पुरायलंय. स्लॅब टाकून झाला. अण्णांना हे ठाऊक नाही.

जपून राहा, आठवण ठेव.

दादा

लातूर,
१९ डिसेंबर १९८३

ती. दादास सा. न.

दुसरं काही लिहीत नाही. अण्णांना आधी सांग. हात जोडते.

सुनेत्रा

पूर्णा,
६ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. सुनेत्रास आशीर्वाद.

मी सांगितलं नाही. आयाळीवरून हात फिरवताना त्यांना पाहिलं आणि तसाच मागं फिरलो.

उद्घाटनाच्या दिवशी अण्णांनी माईक बाजूला सारला. खांब फुटला, ते बाहेर आले आणि इतक्या महिन्यांनी त्यांचा आवाज निघाला. तो पुढच्या खुर्च्यांपाशीच पडला. मागं पोरं हसली. अण्णांनी आयाळ काढून हातात घेतली आणि किशनरावांना विचारलं, की हे कोण्या गावचं थेटर हाय. बाजूच्या माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

घरी आले ते अंथरुणाला खिळले. अन्न सोडलं, मग पाणीही. मुलीला बोलावून घ्या, असं डॉक्टरांनी काल सांगितलं.

आज सकाळी विमलनं घासायला रांजण उपसला होता. अण्णा भिंत धरधरून अंगणात आले. तहान लागली असेल, म्हणून ती तांब्या आणायला वळली. ते रांजणावर वाकून खोकले. खोकला केवढा तरी होऊन वर आला. तसेच थांबले. मग काठाला दोन्ही हात लावून हळूच डरकाळी फोडली. शेजारच्या कमलबाईंचं पाळण्यातलं नातवंड रडत उठलं.

मग विमलच्या हातून पाणी प्याले. तिला म्हणाले, की हा आता भरू नकोस. कमलबाईंनीही त्यांचा रांजण उपसून आपल्या अंगणात आणून ठेवलाय.

पण अंगात काही उरलं नाही गं. पत्र घेऊन माणूस पाठवतोय, त्याच्याबरोबर मिळेल त्या गाडीनं निघ. आणि दारात पाय ठेवशील, तेव्हा कान झाकू नकोस.

तुझी वाट बघणारा,
दादा