वहीतलं ‘तब्येत ठीक’

अहो,

भरपाई कचेरीचे डॉक्टर अकराला तुम्हाला तपासायला घरी येतील. मी तुमच्या बंबावरच्या ड्रायव्हर भाऊजींची साक्ष लिहून आणायला निघालेय. दारापर्यंत तीनदा जाऊन परत आले, पाय निघत नाही.

प्रत्येक आग विझवून आलात की अग्निशमन केंद्राच्या वहीत तुम्ही सगळे ‘तब्येत ठीक’ लिहायचात, आणि घरी मला कळू नये म्हणून उशीत तोंड खुपसून खोकायचात. आता कचेरी तीच वही पुढे करते नि म्हणते, फुप्फुसं कामामुळे गेलीच नाहीत.

दूध झाकून ठेवलंय. नवरदेवासारखे नटून बसू नका, आणि त्यांना घ्यायला जिना तर मुळीच उतरू नका. ‘कसं वाटतंय?’ म्हणून विचारतील. माझी शपथ आहे, आज तरी ‘ठीक’ म्हणू नका.