धुरजड नाव

बाबा, नाव पाण्यात उतरवली आणि ती तरंगली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पहिल्या ओळीपासून "बुडली असन" म्हणत वाचाल आणि मला चिडून पुढचं लिहिता येणार नाही. बैलबंड्या बनवणाऱ्याची पोरगी नाव बनवते म्हटल्यावर अख्खं गाव हसलं होतं. चहाच्या टपरीवर मला ऐकू येईल अशा बेताने विचारायचे, "ताई, चाकं कुठं बसवनार हो?" आता तेच लोक एक चक्कर मारून आणू का म्हणून मागे लागतात. मी नाही म्हणते, आणि नाही म्हणताना जी मजा येते ती काय सांगू.

तुम्ही गेल्यावर इकडे बरंच बदललं. आपला जिल्हा आता छिंदवाडा नाही, पांढुर्णा झाला. गाव होतं तिथेच आहे. नाल्यावर तलाव झाला. आपली संत्र्याची वाडी बुडाली नाही, पण पाण्याच्या पलीकडे राहिली. सडकेने जायचं तर रामाकोन्यावरून मोठा वळसा, आणि सडक संपली की तलावाच्या पाळीवरच्या दगडगोट्यांतून पायपीट. आईचे गुडघे तुम्ही होता तेव्हाच कुरकुरायचे, आता डावा तर वाकतच नाही. तलाव भरल्यापासून तिने वाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. ओट्यावर बसलं की तिला झाडं दिसायची, तेवढीच. दर आंबिया बहाराला विचारायची, "कशी लागली वं यंदा?" मी फोनवर फोटो दाखवायची, तर फोन बाजूला सारायची. "फोटोतलं संत्रं सोलून खाऊ का मी?" उचलून न्यायची गोष्ट काढली तर म्हणाली, "मी काय संत्र्याची पेटी होय?" म्हणून मी ठरवलं, यंदाचा तोडा सुरू व्हायच्या आत आई स्वतःच्या पायाने वाडीत उतरली पाहिजे. बाकी काहीही होवो.

तुमची शेड आता माझी आहे. दारं, पलंग, देवघरं बनवते. त्याच फरशीवर खडूने नाव आखायला बसले आणि लक्षात आलं, इथे प्रत्येक गोष्ट दुसरीच्या जिवावर उठलेली असते. रुंद केली तर आई निर्धास्त बसेल, पण रुंद नाव पाणी ढकलत चालते आणि वल्हं मारणारी मी एकटी. अरुंद केली तर पळेल झकास, आणि आईने पाय टाकताच कलंडेल. काठ उंच ठेवले तर पाणी आत येणार नाही, पण न वाकणारा गुडघा त्यावरून पलीकडे कसा जाणार? शिवाय दुपारून वारा सुटतो, तो उंच काठाला धरून नावेला भलतीकडेच नेतो. लांब नाव सरळ चालते, पण वळायला तयार नसते. आखूड नाव सारखी वळते, सरळ जाणं तिला माहीत नसतं. मी आखत होते, पुसत होते, आणि तुमचा आवाज कानात होताच.

तो दिवस मला अजून दिसतो. मी शाळेतून आले आहे, दप्तर ओट्यावर टाकलं आहे, आणि तुम्ही जेवायला गेलात तेवढ्यात तिगावच्या गिऱ्हाइकाचं जू रंध्याखाली घेतलं आहे. बैलांच्या मानेवर ओझं कमी पडावं म्हणून मी ते तासून तासून बारीक करते आहे. तुम्ही येता. जू दोन दगडांवर आडवं ठेवता आणि मधोमध पाय देता. कडकन आवाज होतो. "हलकं आन् मजबूत, दोनी एका लाकडात नाही भेटत, पोरी. एक माग." मी रडले ते लाकूड मोडलं म्हणून नाही, तुम्ही ओरडला नाहीत म्हणून. मग त्याच तुकड्यातून तुम्ही मला तान्ह्या पोळ्यात पोरं ओढतात तसा नंदी कोरून दिलात, शिंगं अंमळ वाकडीच. पुढे कितीतरी वर्षं मी एकच मागत आले, कधी मजबूत, कधी हलकं.

या वेळी मी आईचा पाय मागितला. तिला ओट्याच्या कडेला उभं केलं, पुढे विटा रचल्या आणि डावा पाय कुठवर उचलला जातो ते पाहिलं. तिथेच काठाची उंची ठरली. मध्ये काठ बुटका, दोन्ही टोकांना चढता. तळ सपाट आणि पोटाशी रुंद, टोकांकडे निमुळता. मधला भाग आईचा, टोकं पाण्याची, अशी वाटणीच करून टाकली. सरळ चालावी म्हणून तळाला सागाची पट्टी ठोकली आणि वळावी म्हणून ती मागच्या बाजूला आखूड सोडली. हात आणि पाय पडतो तिथे साग, बाकी सगळी प्लाय. हो, प्लाय. तुम्ही तिला लाकडाचे पापड म्हणायचात. अख्खी सागाची केली असती तर ती पाण्यापर्यंत न्यायला तुमची एक बंडी लागली असती, आणि बंड्या आता आहेत कुठे?

चुकले मात्र तुमच्यामुळे. बंडी जराशी धुरजड असावी, माल पुढे, बैलांकडे सरकवून भरावा, नाहीतर उलार होऊन मागे कलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो, हे मी चालायच्या आधी शिकले असेन. हाताला तीच सवय. आईची बैठक मधल्यापेक्षा पुढे बसवून मी मोकळी झाले, विचारसुद्धा केला नाही. मग आईच्या जागी रेतीची पोती ठेवून एकटीच पाण्यात गेले, आणि काय फजिती! नाक पाण्यात खुपसलेलं, शेपूट मोकाट. एक वल्हं मारलं की मागचा भाग गर्रकन फिरायचा. घाण्याचा बैल बरा, तो निदान एकाच बाजूने फिरतो. काठाशी म्हशी धुणारे हसून हसून आडवे झाले. मी पाण्याच्या मधोमध रागाने लाल, तुम्हाला चार शिव्या घातल्या आणि एकदम उमगलं. पुढे बैलच नाहीत! धुरेचा भार घ्यायला मान नाही, खांदा नाही, नुसतं पाणी. पाण्यावर भार दिला की ते बाजूला होतं.

घरी आणून बैठक उचकटली आणि मागे सरकवली. नाव किंचित मागच्या अंगावर बसू लागली, तुमच्या भाषेत चक्क उलार, आणि सुतासारखी सरळ चालू लागली. वर आणखी एक झालं. बैठक मागे गेल्यामुळे पुढे जी जागा सुटली, तीत आईचा डावा पाय लांब पसरून मावला. दोन्ही भेटलं, बाबा. एका लाकडात नसेल, पण एका नावेत भेटलं. मी शेडमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

आईला नेलं ते सकाळी, वारा पडलेला असताना. नवं लुगडं नेसून आली होती. काठाशी थांबून तिने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हालनार तं नाही ना वं?"

"हालन थोडी. पडनार नाही."

तिने माझा खांदा धरला, डावा पाय उचलला. टाच काठाला घासली आणि आत गेली. नाव तिच्याकडे झुकली आणि तशीच थांबली. आई बसली. पाय पसरला. म्हणाली, "चाल आता, का फोटो काढून राहिली?" मी फोटो वगैरे काही काढत नव्हते, माझे डोळे भरून आले होते.

पलीकडे लागल्यावर ती माझा हात न धरता उतरली आणि सरळ पहिल्या झाडाशी गेली. पानं उलटून पाहिली, बुंध्याची माती पायाने उकरली, आणि मला वाटलं आता रडेल. ती गरजली, "इतली सल कोनं ठेवली झाडावर? मी नसली का सारे झोपा काढून राहिले!" वाळक्या फांद्यांवरून वाडी राखणाऱ्या सालदाराची अर्धा तास हजेरी घेतली. मग एक संत्रं तोडून, सोलून, अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि नावेकडे बघत हसली. "तुया बाबानं बनवली असती तं लय मजबूत बनवली असती. आन् आपन अजून काठावरच असतो."

हे वाचून तुम्ही नक्की चिडला असतात, म्हणून बरं आहे की हे कागद तुमच्यापर्यंत येणार नाहीत. तेव्हा एक खरं सांगते. तुम्ही असता तर पहिली रेघ ओढतानाच मी खडू तुमच्या हातात दिला असता. तुम्ही गेल्यापासून माझा एक दिवस तुमच्या आठवणीशिवाय गेलेला नाही, रंधा धरला की तुम्ही असताच. पण त्या सकाळी आईला घेऊन वल्हं मारताना, या काठापासून त्या काठापर्यंत, तुम्ही मला एकदाही आठवला नाहीत. आईने तुमचं नाव काढलं तेव्हा कुठे ध्यानात आलं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी संत्रं खात होते, आणि मला फार छान वाटत होतं.