अकरा वर्षांत वसूल

बाबा, आज सोलरवाला आमचं छत मोजून गेला. आता बॅटरी लागत नाही म्हणे, जास्तीची वीज कंपनी परत घेते, पाचएक वर्षांत पैसे वसूल. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. त्याच्या तोंडून 'वसूल' ऐकलं आणि तुमच्यावरचा सगळा राग उफाळून आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो जात नाही, आणि जावा असं मला फारसं वाटतही नाही.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आपल्या या हिंदी मुलखातल्या मानसरोवरात तेव्हा मेट्रो नव्हती, उन्हाळ्यात दुपारी हमखास वीज जायची. तुम्ही बँकेत कर्जाचे अर्ज तपासायचात आणि घरी येऊनही तेच करायचात. कूलर हवा असला तरी आईने अर्ज लिहायचा, कारण द्यायचं, मग तुम्ही लाल पेनाने शेरा मारणार. पाहुण्यांना याची गंमत वाटायची, आम्हाला कधीच वाटली नाही. बारावीनंतर पुण्याला आर्किटेक्चरला जायचं म्हणून मीही दोन पानी अर्ज केला. माझ्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी होती, म्हणून मी निर्धास्त होते. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही ओट्याला टेकून वाचताय, आणि खाली लिहिताय, 'परतावा अनिश्चित'. "पुण्यात काय ठेवलंय? मतलब, इथेही कॉलेजं आहेतच ना," एवढंच म्हणालात. महिन्याभरात तीच एफडी मोडून छतावर पॅनेल आली. तो अर्ज तुम्हीच केलात, तुम्हीच मंजूर केलात, आणि जामीनदार म्हणून आईची सही घेतलीत. वाचणारं बिल, पाच वर्षांनी नव्या बॅटऱ्या, एफडीचं बुडालेलं व्याज, सगळं धरून अकरा वर्षांत वसूल, पुढची वीज फुकट. शेजारचे वकीलसाहेब हसले, "ग्यारह साल? भाईसाहब, तब तक तो बिटिया के बच्चे स्कूल जाने लगेंगे." तुम्ही कागद त्यांच्यापुढे सरकवलात, "हिसाब में गलती हो तो बताइए." त्यांना ती सापडली नाही.

मी इथेच बी.कॉम. केलं. सीतापुऱ्यातल्या एका एक्स्पोर्ट कंपनीत लागले, अजून तिथेच आहे. कॉलेजच्या दिवसांत आंधी येऊन धूळ बसली की पॅनेल धुवायचं काम माझं, आणि दर महिन्याला सोडाल्याच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणून बॅटऱ्यांत घालायचंही माझंच. तुमच्या त्या कागदावर आमच्या कष्टांचा रकानाच नव्हता. मी हे बोलून दाखवलं तेव्हा म्हणालात, "घरच्या माणसांची कुणी मजुरी धरतं का?"

तिसऱ्या उन्हाळ्यात बॅटऱ्या बसल्या. मेकॅनिक म्हणाला, "सरजी, चारों खत्म, नई डलवाओ." तुम्ही दोन दिवस कागद घेऊन बसलात, बेरजा पुन्हा पुन्हा तपासल्यात. मग आईला म्हणालात, "माझंच कुठेतरी चुकलं गं. पोरीचे पैसे घालवले मी." मी दारात उभी होते. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पॅनेल मिळेल त्या भावात विकलीत. त्यानंतर कुणी कर्जाबद्दल, गुंतवणुकीबद्दल विचारायला आलं की तुम्ही "मला नाही कळत त्यातलं" म्हणायला लागलात. बँकेत हयात घालवलेला माणूस. शेवटपर्यंत तसंच म्हणत राहिलात.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. सोडाल्याला मी एकदाच गेले होते. नंतरची दोन वर्षं तो कॅन मी मागच्या बोअरच्या नळाखाली भरत राहिले. साधं पाणी घातलं तर बॅटरी खराब होते असं त्याच्यावर ठळक छापलं होतं, आणि मी ते वाचलं होतं. एफडी माझी होती, हे मी आजही म्हणेन. पण तुमचा हिशोब बरोबर होता, बाबा.