क्रोमियमचा डाग

॥ श्री ॥
स्वोर्ड्स, ६ मे २०२५

चि. निहारिकेस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून राजीवकाकाकडून पाकीट आणि तिकीट मागवलं. इथे परदेशात टपालपेट्या हिरव्या. मी कचऱ्याची पेटी समजून पुढे निघून गेले, तर रोहिणीकाकू हसून हसून कुंपणाला टेकली. मी चौथी पास, काना-मात्रा सांभाळून घे.

आल्यापासून माझं इथे छान चाललंय. विमानं अगदी घरावरून जातात, मी प्रत्येकाला हात करते. काकाच्या स्वरांगीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर एकच, ग्रँड, म्हणजे छान. भाजी कशी झाली, ग्रँड. पाय घसरून पडली, तरी ग्रँड. गोड आहे गं पोर.

तर काका म्हणाला, अठ्ठावीसला तुझ्या कामाची तपासणी आहे, आणि तू मेनूथच्या विद्यापीठातलं शिकणं सोडायचं पत्र आधीच लिहून ठेवलंयस. नरेश, तुझा बाप, जाऊन चार महिने होत आले. माझाच मुलगा तो. मलाही रडू आलेलं नाही. चहा होतो, पोळ्या होतात, दिवस जातो. म्हणून रडून मोकळी हो असलं काही मी सांगणार नाही. तू ज्या ताऱ्याचा अभ्यास करतेस तो कसला, तेवढं लिही. काका सांगतो ते मला कळत नाही आणि त्यालाही कळत नसावं.

आजीला विसरू नकोस, एवढंच मागणं.
अलकनंदा


मेनूथ, ९ मे २०२५

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी बरी आहे. म्हणजे काहीच होत नाही.

तारा असा. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम नको इतकं आहे, नळाच्या तोटीवर चकाकतं तेच. आत मात्र तो इतर ताऱ्यांसारखाच. त्याच्या जातीच्या ताऱ्यांच्या मानाने तो फार संथ फिरतो, त्याच्या वरच्या थरात ढवळाढवळ नाही. मग आतून येणारा प्रकाश काही धातूंना हळूहळू वर ढकलतो, बाकीचे खाली बसतात. वर आलेल्या क्रोमियमचा एका बाजूला डाग होतो. आपण तिथे जाऊ शकत नाही, म्हणून त्याचा प्रकाश फाकवून पट्टी काढतो. पट्टीवर काळ्या रेघा असतात, प्रत्येक धातूची आपली. डाग आपल्याकडे आला की क्रोमियमची रेघ जाड होते, पलीकडे गेला की बारीक. रेघ किती दिवसांनी जाड होते, त्यावरून ताऱ्याचा स्वतःभोवतीचा फेरा कळतो.

दुर्बीण स्पेनच्या एका बेटावर आहे, मी इथल्या खोलीतून चालवते. डिसेंबरात वाटलं, चार दिवसांचा फेरा. जानेवारीत सगळं विस्कटलं. पाच महिन्यांचं काम आणि हाती आकडा नाही. सोबत सगळ्या पट्ट्या छापून पाठवतेय, मागे माझ्या वहीतली तारीख आहे. मला आता त्यांच्याकडे बघवत नाही.

माया आहे ती राहू दे.
निहारिका


स्वोर्ड्स, १४ मे २०२५

चि. निहारिकेस आजीचे आशीर्वाद, आणि आज जरा जास्तच. वि. वि.

दोन दिवस जेवणाचं टेबल माझं होतं. सगळे मांडीवर ताटं घेऊन सोफ्यावर जेवले, काका कुरकुरला, मी ऐकलं नाही. येवल्याला मी सुताच्या लडी जुळवायची हे तुला माहीत नसेल. रंगाच्या एकाच घाण्यातून निघालेल्या दोन लडींतला फरक मला खिडकीशी उभं राहून कळायचा. शेठ म्हणायचे, बाईचे डोळे आहेत की काटा. तुझ्या पट्ट्या त्या मानाने अगदी सोप्या.

सगळ्यात जाड रेघेच्या वेगळ्या काढल्या आणि मागच्या तारखा वाचल्या. मधले काही दिवस ढगाचे असतील, ते सोडले. तीस डिसेंबर, मग जानेवारीची तीन, सात, सगळं चौथ्या दिवशी. पुढची अकराला हवी, ती आली बाराला. मग सोळा, मग वीस, पुन्हा चौथ्या दिवशी. म्हणजे तारा शहाणा आहे गं. एकदाच एक दिवस पुढे सरकला आणि मग तसाच चालला. असा नेमका एकच दिवस कोण सरकवेल?

विचारावं की नाही, दोनदा चहा करून विचार केला. नरेशला दवाखान्यात दाखल केलं ते अकरालाच.

उत्तराची वाट बघते. जेवत जा.
आजी


मेनूथ, १७ मे २०२५

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

बाबांना दाखल केलं त्या दिवशी मी मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवर लावलं. डॉक्टर केव्हा येतात, आईला केव्हा फोन करायचा, ते कळावं म्हणून. नंतर ते मागे केलंच नाही. मी पट्ट्या सातनंतर काढायचे. तेव्हा तिकडे भारतात तारीख बदललेली असायची, आणि वहीत मी घड्याळावरचीच लिहीत गेले. यंत्राकडे खरी वेळ होती. ती बघायचं सुचलंच नाही.

काल एकेक तारीख खोडून दुरुस्त केली. फेरा चार दिवसांचाच आहे. आनंद झाला नाही, पण बरोबर आहे.

एका ओळीत शुक्रवार सतरा होतं, ते गुरुवार सोळा केलं. संध्याकाळचे साडेआठ. तिकडे रात्रीचे दोन, बाबा गेले तेव्हाचे. त्या वेळी मी पट्टी बघत होते. आई सतरा तारीख सांगते, माझ्या वहीत सोळा. बाबा गेले त्या दिवसात मी नव्हतेच, असं वाटतं. सोडायचं पत्र अजून तसंच आहे.

आशीर्वाद असू द्या.
निहारिका


स्वोर्ड्स, २० मे २०२५

चि. निहारिकेस आशीर्वाद. वि. वि.

थोडक्यात लिहिते. तारीख रात्री बाराला बदलते ती कॅलेंडरात. मी वार सूर्य उगवला की बदलते, माझी आईही तसंच करायची. रात्री दोनला वार आदलाच. नरेश गुरुवारी गेला. तुझ्याकडेही गुरुवारच होता. आपण दोघी एकाच दिवसात होतो, बाळा, तू तिथे आणि मी त्याच्या उशाशी.

पत्राचं काय करायचं ते तुझं तू ठरव. मी पट्ट्या परत पाठवतेय, एकीवर आमटीचा डाग पडलाय, तो माझा.

तुझीच,
आजी


मेनूथ, २९ मे २०२५

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

सोडायचं पत्र दिलं नाही. काल तपासणीला गेले. फेरा तपासणाऱ्यांना पटला. मग त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं की इतकी साधी चूक चार महिने कशी राहिली. घड्याळाचं सांगायला तोंड उघडलं, आणि निघालं ते वेगळंच. मी म्हटलं, माझे वडील वारले.

आजी, हे मी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. आवाज नीट आला. त्यांनी मला पाणी दिलं, ते मी सगळं प्यायले.

लोभ कमी करू नका.
निहारिका