गब्दुल नावाचा ठिपका

३ मार्च
चाललं! चाललं! अखेर चाललं!!
चौदा महिने एकेक खापरी यादीत चढवतेय. दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन भांडी, लालभडक, चकचकीत, तळाशी कुंभाराच्या नावाचा ठसा. एकाच कुंभाराचा ठसा दोन गावांत सापडला, की त्या दोन गावांमध्ये रेघ ओढायची. बस. प्रोग्रॅमला एवढंच शिकवायचं होतं, तर मेला रोज रुसायचा. आज सकाळी अकराला बटण दाबलं आणि पडद्यावर दोनशे बारा ठिपके फुलले. लोकरीचा गुंताच जणू!
डेपोत अठरा वर्षं बसची वेळापत्रकं केली, ती उगाच नाही. इथे बसच्या जागी बोटी आणि प्रवाशांच्या जागी वाडगे, एवढाच फरक.
आणि गंमत बघ — समुद्राकडची गावं एका बाजूला, डोंगराकडची दुसऱ्या. दोघांच्या मधोमध एकच भला मोठा ठिपका, सगळ्या रेघा त्याच्यातून! कोण हा? तर नदीच्या वळणावरचं एक फडतूस खेडं. अडतीस खापऱ्या मिळालेल्या, बस्स. त्याचं नाव ठेवलं — गब्दुल.

४ मार्च
मॅडमना दाखवलं. चष्मा वर, चष्मा खाली. "अडतीस खापऱ्यांवर साम्राज्य उभं करतेस?" मग — "चूक आधी आपल्यात शोधावी, नंतर रोमनांत."
पीएचडीच्या गाईड आहेत, ऐकून घेतलं.

५ मार्च
चूक शोधली. सापडली नाही. हुर्रे!

९ मार्च
आज आईनं कमाल केली. मी भाजी चिरत होते, ती माझ्या लॅपटॉपपुढे बसलेली. "हा मधला जाड्या कोण गं?"
सांगितलं. म्हटलं, एवढ्याशा गावाला इतकी भांडी हवीतच कशाला, तेच कळत नाही.
आई आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. म्हणाली, "हवीत कुणाला? हा स्वतः बोलतच नाही. नुसता जोडून देतो."
सुरी हातातच राहिली. म्हणजे भांडी तिथे वापरलीच नाहीत! नुसती या बोटीतून त्या गाडीवर! आणि वापरली नसतील, तर तळाची कड झिजलेली नसणार. ते तर भिंगाखाली दिसेल!!
आईची पापीच घेतली. "कांद्याचे हात!" म्हणून ओरडली.

१६ मार्च
संग्रहालयाचं भांडार. तिथले काका म्हणजे कडू कारलं — हातमोजे घाला, पेन बाहेर ठेवा, टेबलावर टेकू नका. गब्दुलची पेटी पुढ्यात ठेवली आणि समोर स्टूल टाकून बसले, पहारा देत.
एकेक तुकडा भिंगाखाली धरला. तळाचे तुकडे एकतीस. त्यातले चार जरासे घासलेले. बाकी कोरे! कालच भट्टीतून निघाल्यासारखे! सत्तावीस!
मी नाचले. खरंच, उभ्या जागी गिरकी घेतली.
"बाई, खापऱ्या फुटतील."
"काका, फुटलेल्याच आहेत त्या!"
"अजून फुटतील."

१७ मार्च
मॅडमनी एकेक फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाल्या, "चहा घेशील?"
चौदा महिन्यांत पहिल्यांदा!!

२२ मार्च
परिषदेत घेतलं मला! ६ एप्रिल, बारा मिनिटं. लेकीनं मोबाइलवर वेळ लावून सराव करून घेतला. "आई, सात मिनिटांत उरकलंस. मध्ये श्वास घेत जा."
सेहेचाळिसाव्या वर्षी पहिलं भाषण.

२९ मार्च
लिहवत नाहीये. पण लिहिते.
भाषणासाठी फोटो लावत होते. गब्दुलची एक खापरी — ठसा अर्धा, पहिली तीन अक्षरं. शेजारी समुद्रावरच्या बंदराची एक खापरी — तोच कुंभार, शेवटची चार अक्षरं. सहज दोन्ही फोटो छापले, कात्रीनं कापले, जवळ सरकवले.
जुळले. काठाला काठ. पूर्ण नाव.
एकच वाडगा. आणि एक वाडगा आठ दिवसांच्या अंतरावरच्या दोन गावांत कसा फुटेल?
पेट्या मिसळल्यात. कोणीतरी, कधीतरी, बंदराच्या खापऱ्या गब्दुलच्या पेटीत टाकल्यात. म्हणून तो दोन्हीकडे जोडलेला. आणि वाडगे बंदरावर माल उतरवतानाच फुटले असतील, म्हणून कोरे.
हे फक्त मला माहीत आहे. परिषदेला आठ दिवस. दुसरं कोण असले फोटो कापत बसणार?

३० मार्च
आईला सांगितलं. तिनं सल्ला वगैरे दिला नाही. एवढंच म्हणाली, "आमच्याकडे चुकीचा नंबर लागला, की ज्यानं जोडला त्यानंच सांगायचं. दोन्हीकडच्यांना."
मॅडमना फोन केला. एका दमात सगळं सांगून टाकलं. मग — "दहा वाजता भांडारात ये. मीही येते."

३१ मार्च
काकांनी दोन्ही पेट्या काढल्या. खऱ्या खापऱ्या टेकवल्या — टक्. केसाइतकीही फट नाही. काकांचा चेहरा पडला. जुनी वही उघडली, पान पुढे धरलं. भांडारात एकदा पाणी शिरलं होतं, पेट्या घाईनं वर चढवल्या होत्या. "माझ्या आधीची गोष्ट," म्हणाले, पण माफी मात्र स्वतःच मागितली.
मग आम्ही तिघं चार वाजेपर्यंत बसलो. तुकड्यांच्या खाचेत चिकटलेली माती बघायची — शिंपल्यांची रेती म्हणजे बंदर, करडा गाळ म्हणजे नदी. काका भराभर ओळखतात! मॅडमच्या नाकाला माती, कोणी सांगितलं नाही.
गब्दुलच्या वाट्याला नऊ खापऱ्या उरल्या. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. बिचारा मोहरीएवढा झाला. जाळं मधोमध फाटलं.
घरी येताना रडेन असं वाटलं होतं. हसूच येत होतं! भिंगाला, बुद्धीला, मॅडमना — सगळ्यांना चकवलं त्या पेटीनं!

६ एप्रिल
बोलले. सहा मिनिटं सिद्धांत, सहा मिनिटं तो कसा मोडला. कात्रीपाशी आले तेव्हा दोन्ही कागद सगळ्यांसमोर जुळवून दाखवले. मग कोणीतरी हसलं, मग सगळे, आणि मग टाळ्या — चेष्टेच्या नव्हेत, ओळखू येतात. मॅडम मागे उभ्या राहून वाजवत होत्या. श्वास घेतला मी, मध्ये दोनदा!
तिसऱ्या रांगेतल्या एक बाई नंतर जवळ आल्या. परगावच्या संग्रहालयाच्या प्रमुख. "तो प्रोग्रॅम मला द्याल?" लगेच दिला.

२१ एप्रिल
त्या बाईंचं पत्र! प्रोग्रॅम त्यांनी आपल्या यादीवर चालवला. एक ठिपका गब्दुलसारखाच भलता सुजलेला दिसला, म्हणून त्याची पेटी उघडली — लेबलाखाली दुसरं लेबल! आत साठ वर्षं हरवलेलं अख्खं उत्खनन, सहाशे चाळीस खापऱ्या. असे आणखी अकरा ठिपके सुजलेत म्हणे. "कधी येता?"
मॅडमनी प्रबंधाचं शीर्षक स्वतःच्या हातानं खोडलं आणि नवं लिहिलं — 'चुकलेल्या पेट्यांचा शोध'. मी बॅग भरतेय!