एक लांब, दोन आखूड

तीर्थस्वरूप भाऊजींस,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे उभ्यानेच घातला आहे, तो तसाच गोड मानून घ्यावा). तुमची तब्येत ठणठणीत असेल, ताईची पाठ आता दुखत नसेल आणि दुखत असली तरी ती कुणाला सांगत नसेल, असं धरून चालतो. तुमचे दोन्ही निरोप मिळाले. दोन्हींत एकच प्रश्न होता, ‘सुरू झाला का?’ मी कामाच्या गडबडीत होतो म्हणून उत्तर राहिलं, असं ताईला कळवलं आहे. तुम्हाला खरं सांगतो, उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून राहिलं. आता झाला आहे सुरू. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला निवांत वाचता येईल. माझ्या वाट्याला तो निवांतपणा आला नव्हता.

जुना कॉम्प्युटर गेला तो भर दुपारी, जळकट वास सोडून. तुम्हाला माहीतच आहे, तो माझा नव्हेच, हिचा. दृष्टी गेलेल्यांसाठी जे वाचनालय आहे त्यांच्याकरता ही पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. गेल्या वर्षी तिने एक जाडजूड कादंबरी घेतली होती, एका मालवाहू जहाजावरच्या स्वयंपाक्याची. एकूण चौतीस प्रकरणं, त्यातली एकतीस झाली आणि मग गळ्याचं ऑपरेशन निघालं. गाठ साधी होती, देवाची कृपा. पण आवाज खाली गेला, खरखरीत झाला. सर्जन म्हणाले, सहा महिने वाट पाहू, कदाचित पूर्वीसारखा होईल, कदाचित पूर्ण होणार नाही. वाचनालयात पुस्तक पुरं झाल्यावरच जातं, म्हणजे भाऊजी, या कादंबरीतला हिचा पहिला आवाज त्या जळक्या डब्यातल्या डिस्कवर होता आणि दुसरीकडे कुठेच नव्हता. आता तुम्ही विचाराल, दुसरी प्रत काढून ठेवली नव्हती का? हा प्रश्न तीन आठवड्यांत आम्हाला नऊ जणांनी विचारला आहे. दहावे होऊ नका.

नवा कॉम्प्युटर घेऊन त्याला जुनी डिस्क जोडायची आणि आत काही शिल्लक आहे का बघायचं, इतकं साधं काम होतं. तुम्ही फोनवर सांगितलंत, तयार घे. तिथेच थांबला असतात तर मी तयारच घेतला असता. पण पुढे तुम्ही म्हणालात, ‘सुटे भाग आणून जोडत बसू नकोस, तुला ते जमायचं नाही.’ पस्तीस वर्षं लोकांच्या जबड्यात दोन बोटांच्या जागेत काम केलेल्या माणसाला हे सांगायचं? मी तडक दुकानात गेलो आणि सुटे भाग मागितले. दुकानदार भला माणूस. म्हणाला, डॉक्टर, इथे ठेवा, तासाभरात जोडून देतो. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने निमूट सगळी खोकी पिशवीत भरून दिली.

दवाखाना बंद केला तरी पुढच्या खोलीतली ती दाताची खुर्ची मी काढलेली नाही (ती दारातून बाहेर जात नाही, आत कशी आली ते कुणालाच आठवत नाही). तिच्यावर मी नव्या कॉम्प्युटरचा उघडा डबा आडवा ठेवला. वरचा दिवा खाली ओढला, चिमटे, छोटा आरसा, डोळ्याला भिंग. ही दारात उभी राहून म्हणाली, टेबल आहे की आपल्याकडे. मी म्हटलं, पेशंट इथेच झोपतात. सहा तास लागले. एकेक वायर अशी हळुवार बसवली की तिला कळलंही नसेल. मग हिला बोलावलं आणि बटण दाबलं.

काही नाही. दिवा नाही, घुरघुर नाही, साधा उसासासुद्धा नाही.

पहिला अख्खा दिवस त्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की डब्याच्या मागच्या बाजूला आणखी एक बटण असतं आणि ते मुळात चालू करावं लागतं. (हे वाक्य ताईला वाचून दाखवू नये.) ते दाबल्यावर पंखे गरगरले, आत निळा उजेड पडला आणि मी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ‘झाला!’ म्हणून ओरडलो. ही हात पुसत आली, काळ्याकुट्ट स्क्रीनकडे बघितलं आणि फक्त म्हणाली, ‘हो का.’ पंखे फिरत होते, दिवे लागत होते, पण स्क्रीनवर अक्षर उमटायला तयार नव्हतं. डोळे उघडे, नाडी चालू आणि पेशंट काही बोलत नाही, अशातली गत.

त्यानंतरचे दोन दिवस मी काय काय केलं ते सगळं सांगत नाही. दुकानदाराला सात वेळा फोन केला. तो म्हणाला, सगळं काढा आणि एकेक करून परत लावा. मी काढलं, लावलं. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. चित्र दाखवणारं कार्डच बिघडलेलं आहे असं ठरवून ते तावातावाने दुकानात घेऊन गेलो, तर तिथे ते पहिल्या फटक्यात चाललं (दुकानदाराने माझ्यासाठी चहा मागवला, हे त्याच्या चांगुलपणात धरतो). सोबत आलेल्या पुस्तिकेत अकरा भाषा होत्या आणि अक्षर इतकं बारीक की भिंगालाही भिंग लागावं. या सगळ्यात ही दोनदा येऊन म्हणाली, ‘अहो, ते काहीतरी टिट् टिट् करतंय.’ मी पहिल्यांदा सांगितलं की नवे पंखे असा आवाज करतात. दुसऱ्यांदा सांगितलं की तो खुर्चीच्या मोटरचा आवाज आहे. खुर्चीची पिन काढलेली होती, हे तिने मला दाखवलंही नाही. ती नुसती निघून गेली.

चौथ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन आली, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि त्या बसक्या आवाजात म्हणाली, ‘राहू द्या आता. नाही मिळालं तर नाही मिळालं.’

भाऊजी, तेव्हा मात्र मी हातातला चिमटा खाली ठेवला. तुम्ही हिला तीस वर्षं ओळखता. चादरीवरचा डाग असो की कुणाशी झालेला वाद, ‘राहू द्या’ हे तिच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. ती माझी समजूत घालत होती. म्हणजे तिने स्वतःची आधीच घातलेली होती, एकटीने, मी आत स्क्रू पिळत बसलो असताना.

तेवढ्यात फोन वाजला. हे आमचे तारमास्तर. वय त्र्याऐंशी, नोकरीत सगळा जन्म तारा घेण्या-पाठवण्यात गेला, आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. हिचं प्रत्येक प्रकरण आमच्याकडे येऊन आधी तेच ऐकतात आणि चुका काढतात. दर सोमवारी फोन करून विचारणार, स्वयंपाक्याचं पुढे काय झालं? गेले दोन सोमवार मी त्यांना टाळत होतो. आता सुटका नव्हती, म्हणून फोन स्पीकरवर टाकला, खुर्चीच्या ट्रेवर ठेवला आणि त्यांना जरा अवघडल्यासारखं सांगू लागलो की मास्तर, बहुतेक ती प्रकरणं गेली. बोलता बोलता हाताला चाळा म्हणून पुन्हा बटण दाबलं.

‘थांबा, डॉक्टर,’ मास्तर म्हणाले. ‘हे कोण वाजवतंय?’

‘कुठे काय वाजतंय?’

‘तुमच्या खोलीत. एक लांब, दोन आखूड. थांबला. हे बघा, परत. एक लांब, दोन आखूड. कुणीतरी केव्हाचं हाक मारतंय तुम्हाला.’

मी कान डब्याला लावला. पंख्यांची घरघर सोडून मला काहीही ऐकू आलं नाही आणि मी तसं सांगितलं. मग ही म्हणाली, ‘आणि मी दोन दिवस काय सांगतेय?’

पुस्तिका तिने माझ्या हातातून काढून घेतली. भिंग माझ्या डोळ्यावरून. सत्तेचाळीसाव्या पानावर एक तक्ता निघाला, कुठल्या आवाजाचा अर्थ काय त्याचा. एक लांब, दोन आखूड, म्हणजे मेमरी सापडत नाही. मेमरी म्हणजे बोटाएवढ्या दोन पट्ट्या, खाचेत उभ्या बसवायच्या. मी त्या प्रत्येक वेळी बसवल्या होत्या. फक्त हळुवार बसवल्या होत्या, कारण माणसाच्या हिरडीवर जोर द्यायचा नाही हे माझ्या हातांत पस्तीस वर्षं मुरलेलं आहे. दिसायला त्या बसलेल्या दिसत होत्या, आत टेकल्याच नव्हत्या. हिने मला कोपराने बाजूला केलं, दोन्ही अंगठे ठेवले आणि दाबलं. असा काही ‘कट्’ आवाज झाला की मी किंचाळलो (आमच्या धंद्यात त्या आवाजानंतर माफी मागायची असते). तिने शांतपणे दुसरी पट्टी दाबली. पुन्हा कट्. मग बटण.

‘एकच आखूड,’ फोनमधून मास्तर म्हणाले. ‘आता गप्प झाला. समाधान झालेलं दिसतंय त्याचं.’

आणि स्क्रीन उजळली.

आता जुनी डिस्क राहिली होती. त्यासाठी नव्या यंत्राची तयारी व्हायला तासभर गेला. मास्तरांनी फोन ठेवला नाही. जेवणाची वेळ झाली तरी म्हणाले, मी इथेच आहे. डिस्क जोडली तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. यादी आली. एकतीस नावं, ओळीने. पण नावं असणं आणि आत काही असणं यात फरक असतो हे आता मलाही कळू लागलं होतं. हिने हाताला आलं ते प्रकरण दाबलं, सतरावं होतं बहुतेक, आणि खोलीत तिचा आवाज आला. स्वच्छ, उंच, जरासा घाईचा. स्वयंपाकी वादळात पातेलं धरून उभा होता. ही स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून ऐकत होती. मी मागे सरकून स्टुलावर बसलो, तर तिथे स्क्रूंची वाटी होती. मी तरीही उठलो नाही.

‘हाच,’ मास्तर म्हणत होते. ‘हाच आवाज. चालू द्या, बंद करू नका.’

एकतीसही प्रकरणं तपासली. सगळी धडधाकट. उरलेल्या तीन प्रकरणांचं काय, हा प्रश्न होता. हिला वाटत होतं, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावीत, मध्येच आवाज बदलला तर ऐकणाऱ्याला खटकेल. मास्तर म्हणाले, ‘अहो, एकतीस प्रकरणं समुद्रावर काढली तर कुणाचाही आवाज बसेल. तुम्हीच वाचा.’ सर्जनांनी रोज दहा मिनिटांची परवानगी दिली आहे. कालपासून ती वाचते आहे. दार बंद असतं, मी बाहेर पायांचाही आवाज करत नाही.

सोबत एक छोटं पाकीट आहे. त्यातल्या पेन ड्राइव्हवर सगळ्या एकतीस प्रकरणांची प्रत आहे. ती कपाटात ठेवावी. अशा आणखी तीन प्रती तीन घरांत गेल्या आहेत. ताईला नमस्कार, आणि तुम्हाला पुन्हा एकदा.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. कॉम्प्युटर मी स्वतः जोडला, एकट्याने. ताईला एवढंच सांगितलं तरी पुरे.

ता. क. दुसरा. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहूनच गेलं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही ज्यांच्याकडून कानाचं यंत्र घेतलंत त्या डॉक्टरांचा पत्ता गुपचूप कळवावा. दाताच्या ड्रिलजवळ जन्म काढलेल्यांना बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात म्हणे. हिला यातलं काही बोलू नये. खरं सांगायचं तर हिचा हा खाली गेलेला आवाज मला पूर्वीच्यापेक्षा नीट ऐकू येतो, पण हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?

ता. क. तिसरा (अक्षर माझं आहे, यांचं नाही). भाऊजी, नमस्कार. पत्राचं पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून पत्र वाचलं. पत्ता नको, कानाच्या डॉक्टरांची येत्या गुरुवारी सकाळी अकराची वेळ मी घेऊन ठेवली आहे. यांना चार वेळा सांगितलं, प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणाले. म्हणजे ऐकलेलं नाही. तुम्ही फोन करून सांगा, आणि जरा खालच्या सुरात.